हरकत असेल त्यानं हात वर

आमचे घरमालक कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो, एका हातात पत्र्याची पेटी आणि खांद्यावर वळकटी, तेव्हा त्यांनी नाव, जात, पगार यातलं काहीच विचारलं नाही. "कुठली गाडी?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, भोकरदन. त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि भोकरदनच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा, वाटेतले थांबे, पावसाळ्यात कुठल्या पुलावर खोळंबा होतो ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मग डोळे उघडून म्हणाले, "चांगली लाईन हाय. ऱ्हा." अशी मला औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीत खोली मिळाली आणि त्या दिवसापासून मी भोकरदन झालो.

नोकरीत असेपर्यंत काका, म्हणजे हे आमचे घरमालक, बसस्थानकावर कंट्रोलर होते. फलाटावरच्या भोंग्यातून "लक्ष द्या, लक्ष द्या" म्हणणारा आवाज त्यांचा. निवृत्त झाल्यावर भोंगा तिथंच राहिला, पण आवाज ते घरी घेऊन आले. दाराशी लोखंडी घडीची खुर्ची टाकून सकाळपासून बसायचं आणि गल्लीतून जो जाईल त्याची घोषणा करायची, हा त्यांचा दिनक्रम. मी चितेगावच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की घोषणा होई, "भोकरदन चितेगावकडं निघाले! आज पहिली पाळी!" मला उशीर झाला तर तोही जाहीर होई. एकदा एका स्थळाकडची मंडळी मला बघायला आली. रिक्षा गल्लीत वळताच काका खुर्चीतून उभे राहिले आणि ओरडले, "जादा गाडी लागत आहे! भोकरदनसाठी जादा गाडी!" मुलीचे वडील तिथंच थबकले. ते स्थळ पुढं जमलं नाही आणि त्याचं खापर मी अजूनही काकांवरच फोडतो.

काकूंनासुद्धा ते माहेरच्या गावानं हाक मारत. "लासूर, चहा टाक!" लासूरला माणसं रेल्वेनं जातात, म्हणून काकू आपल्या अखत्यारीत येत नाहीत असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. त्या घरात काकूंवर कुणाचंच वेळापत्रक चालत नसे. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातले चाचा पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातले, त्यांना बाहेरचं गावच नाही. मग ते ज्या मोहल्ल्यात राहत त्यावरून त्यांना शहागंज करून टाकलं. कापडवाले शेठ जालना. आणि काकांच्या दारासमोर, चाचांच्या दुकानाच्या पायरीशी भाजीची टोपली मांडून बसणारी एक बाई होती, ती फुलंब्री.

फुलंब्री माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल. सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची, दिवेलागणीच्या गाडीनं परत जायची. जिभेनं मोठी तिखट. कुणी मेथीच्या जुडीला हात लावून भाव पाडायला लागलं की म्हणायची, "वहिनी, जुडी ठेवा खाली, उन्हानं आधीच सुकलीय, तुमच्या बोलण्यानं अजून सुकंल." आख्ख्या गल्लीत काकांना तोंडावर उत्तर देणारी काकूंनंतर तीच.

आता समितीचं सांगतो. त्या सुमारास महापालिकेनं वॉर्डावॉर्डांत नागरिकांच्या समित्या करा असं सांगितलं होतं. बहुतेक गल्ल्यांत समिती झाली, चहा झाला, फोटो झाला आणि समिती संपली. आमची टिकली, कारण तिचे अध्यक्ष काका होते. अध्यक्ष त्यांना कुणी केलं हे मला माहीत नाही. मला कार्यवाह त्यांनी केलं एवढं पक्कं आठवतं. भाडेकरू असल्यामुळं मला नाही म्हणता येत नव्हतं. कार्यवाहाचं काम म्हणजे सभेच्या दिवशी गल्लीभर फिरून माणसं गोळा करणं. इतिवृत्त वगैरे भानगड नव्हती. लिहिलेलं कुणी वाचत नाही आणि ओरडून सांगितलेलं कुणी विसरत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या सभेचे कायदे त्यांनीच केले होते. सभा बसून घ्यायची नाही आणि ज्या जागेची तक्रार त्याच जागेवर उभं राहून घ्यायची. गटार तुंबलं तर सभा गटारावर. नळाला पाणी कमी दाबानं आलं तर पाणी यायच्या दिवशी, पाणी यायच्या वेळेला, नळाच्या तोंडाशी. पहिल्याच सभेला आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून तुंबलेल्या गटारीच्या काठावर उभे होतो. एरवी तासभर भाषण ठोकणारे लोक दोन वाक्यांत बोलून मोकळे झाले.

मतदानाची तऱ्हा तर अजबच. मंजुरीसाठी हात वर करायचा नाही. "हरकत असेल त्यानं हात वर," असं ते विचारत. हात खाली म्हणजे मंजूर. आणि हरकत फुकट नसे. हात वर करणाऱ्यानं कारण सांगायचं आणि त्याच्या गळ्यात एक काम पडायचं. गटारीवरची फरशी उचलायला जालनाशेठनी हरकत घेतली, कारण ती त्यांच्या दुकानाची पायरी होती. काका म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. मग आता इंजिनिअरला दुकानात चहाला बोलवायचं अन् फरशी न उचलता गटार कशी काढायची ते त्याच्याकडून शिकून घ्यायचं." बिचारे शेठ आठवडाभर वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होते. शेवटी स्वतःच फरशी उचलून दिली. एकदा एकानं डोकं खाजवायला हात वर नेला तर त्याच्यावर खांबावरच्या दिव्याचं काम आलं. तेव्हापासून सभेत माणसं हात खिशात घालून उभी राहत.

आणि शेवटचा कायदा, अध्यक्षाला हात नाही. अध्यक्षानं फक्त विचारायचं. हा कायदा त्यांच्यावर एकदा उलटला. चाचांनीच प्रस्ताव आणला, की काकांची खुर्ची रस्त्यात येते, स्कूटरवाल्यांना अडचण होते, तर ती भिंतीला चिकटवावी. काकांनी तो प्रस्ताव आपल्याच दमदार आवाजात वाचला, हरकत विचारली, सगळ्यांचे हात खिशात. "मंजूर!" असं म्हणून त्यांनी स्वतः खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. चार दिवस ते चाचांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चाचांनीच येऊन म्हटलं, "क्या काका, गाडी बंद है क्या इस रूटपे?" आणि दोघं हसले.

खुर्चीशेजारी तिवईवर एक रांजण असे. हा काकांचा जीव की प्राण. नळ सुटला की पहिलं पाणी रांजणाला, मग घराला. त्यात वाळ्याची जुडी, वर ताटली, ताटलीवर उपडं घातलेलं पितळी फुलपात्र. जाणाऱ्यायेणाऱ्याला अडवून ते पाणी पाजत. "घ्या, घ्या, पुढं थांबा नाही!" त्या पाण्याला नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या खानदानाला नाव ठेवण्यासारखं होतं.

फुलंब्री नाही म्हणायची, आणि तेही रोज.

"फुलंब्री, पाणी घे."

"नको, काका."

"अगं, ऊन बघ काय पडलंय."

"तहानच नाय."

तिच्या टोपलीशेजारी पाण्याचा डबा असे. दर थोड्या वेळानं ती त्यात हात बुडवून मेथीवर, कोथिंबिरीवर शिंतोडे मारी. ओला हात क्वचित स्वतःच्या कपाळावरून फिरवी, पण घोट घेताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. काकांना ते फार लागे. "मेथीला पाजती अन् स्वतः कोरडी बसती! माझ्या रांजणात काय पाल पडलीय का?" असं ते मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं मला विचारत. मी काय सांगणार? मलाही तेव्हा वाटे की बाई जरा तऱ्हेवाईकच आहे.

मे महिन्यात एका भर दुपारी ती बसल्याजागी कलंडली. टोपली उलटली, लिंबं गल्लीभर पळाली. चाचांनी दुकानातून उडी मारली, "अरे पानी लाव, पानी!" काकू तरातरा जिना उतरून खाली आल्या, तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टरकडं घेऊन गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या एकट्या. फुलंब्रीला तिचा नवरा येऊन घेऊन गेला होता. मुतखडा झाला होता, शिवाय लघवीची आग, अंगात ताप. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर मूत्रपिंडं हातची जातील.

काकांना चेव चढला. "मी काय सांगत होतो? रोज सांगत होतो! मानुस पाण्याला नाय म्हणतो म्हणजे काय?" मी आणि चाचा दाराशी उभे होतो. काका जोरात होते. काकूंनी त्यांना बोलू दिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "झालं बोलून? आता सांगा, पाणी प्यायचं आन् मग जायचं कुठं? तुमच्या रांजणात?"

काकांनी रांजणाकडं बघितलं.

"बाजारात बायकांना जायला एक जागा हाय का? सकाळी घरून निघती, रात्री घरी जाती. मधी कुठं जाईल ती? म्हणून पाणी पेत नाय. तीच नाय, गल्लीत टोपली घेऊन बसती ती एक पण बाई पेत नाय."

"मग आपल्याकडं यायचं की वर! घर काय परकं हाय?"

"आली होती. मीच बोलवलं होतं मागच्या उन्हाळ्यात. ती जिन्याला लागली आन् तुम्ही खालून काय ओरडलात?"

काकांना आठवेना. मला आठवलं. चाचांनाही आठवलं असावं, कारण ते एकदम बांगड्यांच्या खोक्यांकडं बघायला लागले.

"‘लक्ष द्या, फुलंब्री वर निघाली!’" काकूंनी हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हटलं. "सगळ्या गल्लीनं माना वर केल्या. ती तिथनंच माघारी फिरली. त्या दिवसापासून तिनं पाण्याला तोंड लावलं नाय."

मला त्या क्षणी काकांची फार कीव आली. भरल्या गल्लीत कुणी थोबाडीत मारली असती तरी त्यांचा चेहरा एवढा उतरला नसता. ते खुर्चीत बसले. मग खालच्या आवाजात, मला वाटतं पहिल्यांदाच खालच्या आवाजात, म्हणाले, "आयुष्यभर बायांना भोंग्यातून सांगत आलो, तुमची गाडी इथं लागलीय, तिथं लागलीय. त्यांना अजून काय लागतं, हे कधी ध्यानातच आलं नाय." दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर घोषणा झाली नाही. गल्लीला वाटलं, काका आजारी पडले.

फुलंब्री परत यायला लागली तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. काका तिच्या टोपलीसमोर जाऊन उभे राहिले. काही बोलायचं होतं, पण ज्या माणसानं जन्मभर ओरडून सांगितलं त्याला हळू कसं बोलायचं ते जमेना. शेवटी म्हणाले, "कोथिंबीर केवढ्याला?" आणि होती नव्हती तेवढी सगळी कोथिंबीर घेऊन घरी गेले. काकूंनी कपाळाला हात लावला. त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरात कोथिंबिरीच्या वड्या पोचल्या.

मग ते मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. इंजिनिअर तरुण होता, भला होता. काकांनी त्यालाही आधी गाव विचारलं. तो लातूरचा निघाला. म्हणाला, "काका, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायची तरतूद आहे. मी गवंडी उद्या पाठवतो. फक्त जागा दाखवा, आणि गल्लीची हरकत नको. सगळ्यांना पाहिजे असतं, पण दुसऱ्याच्या दारात. गेल्या साली तीन बाजारांत फिरलो, सगळीकडनं हात हलवत आलो."

काका म्हणाले, "लातूर, आमच्याकडं हरकतीची पद्धत येगळी हाय."

सभा रविवारी दुपारी ठेवली. एरवी सगळ्या सभा काकांच्या दारापासून सुरू व्हायच्या, त्या दिवशी मात्र ते गल्लीच्या पार दुसऱ्या तोंडापासून निघाले. कायदा ठाऊक होताच, जागेवर उभं राहून विचारायचं. जालनाशेठच्या दुकानाच्या बाजूला चार हात मोकळी जागा होती. काका तिथं उभे राहिले. "इथं बायांसाठी संडास-मुतारी. हरकत असेल त्यानं हात वर."

शेठचा हात वर गेला. "काका, काम पुण्याचं आहे. पण कापडाला वास बसतो हो."

"मान्य. हरकतीचं काम घ्या. फिनाईल तुमच्याकडं."

"हे काय विचारणं झालं? वर्षाचं फिनाईल माझ्याकडं लागलं!" शेठ एकदम उदार झाले. मला आधी कळेना, इतका चिकट माणूस असा कसा सैल सुटला. पुढच्या दुकानापाशी उलगडा झाला. जागाच मिळाली नाही तर फिनाईल कुठं ओतणार? ही गोष्ट गल्लीत सगळ्यांच्या ध्यानात आली होती. मग काय, नुसता दानशूरपणाचा पूर आला. मिठाईवाला म्हणाला, खाण्याच्या दुकानाशेजारी नको, पण झाडणाऱ्या बाईचा पगार मी देतो. वह्या-पुस्तकांच्या दुकानदारानं सरस्वतीचं कारण काढलं आणि पाण्याची टाकी कबूल केली. चाचांच्या दुकानापाशी आलो तेव्हा चाचा हात वर करून अवघडल्यासारखे उभे राहिले. "काका, कसम से, अपनी ना नाय. पर चुड्या भरायला बाया येत्यात, दारातच ते असलं तर शरमातील. बल्ब और कुंडी मेरे तरफ से. अंदर से लगनेवाली, अच्छी मजबूत कुंडी."

फुलंब्री पायरीशी खाली मान घालून जुड्या बांधत होती. जसजशी एकेक जागा बाद होत होती तसतशी तिची मान अजून खाली जात होती. मला ते बघवेना. इतके सगळे भले लोक, एवढी कामं वाटून झाली, आणि तिच्या वाट्याला काहीच नाही.

मग काका रस्ता ओलांडून आपल्या घरासमोर आले. जिना डाव्या हाताला, उजव्या हाताला रस्त्याला लागून एक खोली, तिला स्वतंत्र दार आणि एक खिडकी. खोली माझी होती.

"इथं," काका म्हणाले. "हरकत असेल त्यानं हात वर."

अध्यक्षाला हात नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. सगळ्यांनी सज्जात बघितलं. काकू कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात शांतपणे पदराखाली घेतले. मग उरलो मी.

खरं सांगतो, माझा हात निघाला होता. शहरातली माझी पहिली स्वतःची खोली होती ती. खिडकीतून सकाळचं ऊन यायचं, कोनाड्यात माझा आरसा आणि कंगवा होता, भिंतीला माझ्या खिळ्यावर माझा सदरा होता. मला न विचारता, भर गल्लीत, माझ्याच देखत माझ्या खोलीचा असा लिलाव! माझा हात खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात फुलंब्रीनं मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही, विनवणीनंही नाही. आता हाही हात वर जाणार, हे ठाऊक असलेल्या माणसासारखी बघत होती.

मी कान खाजवला.

"भोकरदन, हरकत?" काकांनी विचारलं.

"खाज," मी म्हणालो.

"खाजेला पण काम हाय. पाटी तू रंगवायची. मंजूर!"

त्या एका शब्दानं गल्लीतल्या सगळ्या दात्यांचे चेहरे असे पडले, की माझं दुःख निम्मं हलकं झालं. फिनाईल, पगार, टाकी, बल्ब, कडी, सगळं एका दमात खरं झालं होतं. जालनाशेठ हिशेब केल्यासारखे पुटपुटत होते. चाचा मात्र आधी हसले, मग सगळ्यांसमोर काकांना मिठी मारली.

सामान कुठं हलवायचं ते विचारायला वर गेलो तर माळ्यावरची अडगळीची खोली माझ्यासाठी झाडून, पुसून, चुना मारून तयार. काकू म्हणाल्या, "चार दिवसांपासून झाडतेय. तू कामावर गेलास की ते दोरी घेऊन तुझी खोली मोजत बसायचे." मी तणतणत खाली आलो. "काका, द्यायचीच होती तर सरळ द्यायची. गल्लीभर नाटक कशाला?"

त्यांनी मला रांजणातलं पाणी दिलं. माझं पिऊन होईपर्यंत थांबले. "मी दिली असती, तर ती माझी ऱ्हायली असती. दार मोडलं, बोलवा काकाला. पाणी नाय, बोलवा काकाला. मी मेलो की कुलूप. आता प्रत्येकाचं त्यात काहीतरी अडकलंय. अन् कुणाला नाय म्हणता येत नाय, समद्यांनी समद्यांसमोर कबूल केलंय." मग म्हणाले, "तुझ्या हाताचं मला भ्या होतं. तेवढा एकच हात मोजता आला नव्हता."

राग माझ्या मनात अजून होता, पण तो काढायचा कुणावर हेच कळेना.

लातूरच्या इंजिनिअरनं शब्द पाळला. माझ्या खोलीला मधे भिंती घातल्या, फरशी बसवली, नळ आला. मी निळ्या रंगात पाटी रंगवली, ‘फक्त महिलांसाठी’. माझ्याच खोलीतून मला बाहेर काढणारी पाटी, आणि ती रंगवताना अक्षर चांगलं यावं म्हणून मी जीभ बाहेर काढून मेहनत करत होतो, हे चाचांनी पुढं कितीतरी लोकांना सांगितलं.

उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर वाद झाला नाही, कारण काकांनी विचारलंच नाही. "फुलंब्री पहिली जाईल," म्हणाले. झालं भलतंच. सगळी गल्ली जमली, मिठाईवाल्यानं पेढे आणले, आणि फुलंब्री टोपलीमागं बसून राहिली. उठेना. कशी उठणार? एवढे पुरुष डोळे लावून बघतायत आणि बाईनं त्यांच्या देखत त्या दारातून आत जायचं! आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

काकांनी तिच्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग खुर्चीतून उठून उभे राहिले, छाती भरून घेतली आणि कितीतरी दिवसांनी तो भोंग्याचा आवाज गल्लीत घुमला.

"लक्ष द्या, लक्ष द्या! सगळ्या गड्यांनी पाठ फिरवावी! कुणी मागं बघायचं नाय!"

आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. जालनाशेठ ताग्यांकडं, चाचा बांगड्यांकडं, मिठाईवाला पेढ्यांचं ताट हातात तसंच धरून भिंतीकडं. इंजिनिअरसुद्धा वळला. काकांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि जिन्याच्या भिंतीकडं तोंड करून, त्या दाराला पाठ देऊन बसले. मी त्यांच्या बाजूला उभा होतो. मागं पैंजण वाजले, मग चाचांची मजबूत कडी आतून खाडकन लागल्याचा आवाज आला. कुणी हसलं नाही.

थोड्या वेळानं आमच्या मागून आवाज आला. "काका, पाणी घेऊ का?"

काकांनी मान वळवली नाही. "घे की बाई," म्हणाले. फुलंब्रीनं रांजणातलं फुलपात्र भरलं, उभ्यानं घटाघटा प्यायली, पुन्हा भरलं, पुन्हा प्यायली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "वाळा लई टाकता ओ काका. कडू लागतंय." तेव्हा कुठं गल्ली हसली.

काकांची ती शेवटची घोषणा. त्यानंतर ते कुणाची गाडी लावताना ऐकू आले नाहीत. खुर्चीही त्यांनी पुन्हा सरळ केली नाही. माझं लग्न होऊन मी चितेगावजवळ राहायला गेलो, पुढं काका गेले, आणि औरंगपुऱ्यात जाणं सणासुदीपुरतं उरलं.

परवा दिवाळीच्या खरेदीला बायको आणि धाकटी मुलगी बरोबर होती. गर्दीत मुलगी आईच्या कानाशी कुजबुजली. मी दोघींना गल्लीत आणलं. पाटी अजून होती, रंग नवा होता, अक्षर माझंच गिरवलेलं होतं. फुलंब्रीच्या जागेवर आता तिची सून बसते. तिच्या टोपलीशेजारी पाण्याची बाटली होती, अर्धी संपलेली. रांजण जागेवर होता. खुर्चीत चाचा बसले होते, पार म्हातारे झालेले, भिंतीकडं तोंड करून. मला बघून उठले. "अरे भोकरदन! बैठो, बैठो. मैं दुकान देखता."

बायको आणि मुलगी आत गेल्या. मी खुर्चीत बसलो, पाणी प्यायलो. वाळा अजूनही जास्तच पडत होता.

मुलगी बाहेर आली ती धावतच. "बाबा, आत कोनाडा आहे! त्यात साबण ठेवलाय!"

"तिथं माझा आरसा असायचा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "पण तू असा भिंतीकडं तोंड करून का बसलायस?"

"इथं असंच बसतात," मी म्हणालो.

तिची आई अजून आत होती. मुलगी माझ्या शेजारी आली आणि तिनंही भिंतीकडं तोंड केलं.